कांडी, दिवा आणि डाकीण

(सुरत येथे मराठीचे शिक्षक, लेखक आणि विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा लेखी पाठ)



संयोजकांनी मला विषय दिला तो 'लोकप्रिय संस्कृतीतील जादूगार आणि जादूच्या वस्तू' असा. पत्र आलं तेव्हा घरात हशा झाला. मी उभा जन्म मराठीचं व्याकरण शिकवण्यात घालवलेला माणूस. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्हांला मीम म्हणजे काय ते तरी कळतं का?" मी म्हटलं, थोडं थोडं कळतं. मुलांच्या फोनवर जे फिरतं ते शिक्षकाला सगळ्यांत शेवटी कळतं, आणि बहुधा ते त्याच्याच विषयीचं असतं, एवढं मला माहीत आहे.

तरीही मी हा विषय घेतला. माझ्या वर्गात काही वर्षांपूर्वी एक गोष्ट घडली, तिच्यामुळे घेतला. ती सांगणारच आहे. पण आधी विषयाची गोड बाजू पाहू, म्हणजे कडू बाजू नीट कळेल.

आपल्यातल्या पुष्कळांना माहीत आहे की सुरत महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळा गुजरातीबरोबर हिंदी, मराठी, उर्दू, उडिया, तेलुगू अशा अनेक माध्यमांतून चालतात. लिंबायत, डिंडोली, उधना, पांडेसरा या भागांतली मराठी मुलं बहुतेक खानदेशातली. त्यांचे वडील लूमच्या खात्यात किंवा कापड बाजारात कामाला, आई घरी बसून साड्यांना खडे चिकटवणारी. काही घरं मालेगावकडची. अशाच एका मालेगावच्या मुलाला मी पाचवीत वाक्प्रचार शिकवत होतो, 'जादूची कांडी फिरवणे'. त्याने हात वर केला. म्हणाला, "सर, कांडी जादूची कशी असेल? माझी आई मालेगावला दिवसभर कांड्याच भरायची."

वर्ग हसला, पण मुलाचं बरोबर होतं. कापड विणताना आडवा धागा ज्या छोट्या नळीवर गुंडाळून धोट्यात बसवतात, तिला मालेगावात, इचलकरंजीत कांडी म्हणतात. आपल्याकडे सुरतेच्या खात्यात तिला बॉबिन म्हणतात, म्हणून इथं जन्मलेल्या मुलांना तो शब्द ठाऊक नव्हता. मी पुस्तकात वाचलेली कांडी परीच्या हातातली होती. त्या मुलाने पाहिलेली कांडी आईच्या बोटांतली होती. आणि खरं सांगायचं तर अशा काटकीएवढ्या नळ्यांवरून साडेपाच मीटरची साडी उतरते, यात चमत्कार कमी नाही. आपले पुढारी मात्र 'माझ्याकडे जादूची कांडी नाही' एवढंच सांगत आले आहेत.

त्या दिवसापासून मला जादूच्या वस्तूंच्या नावांची गोडी लागली. आपल्याकडे त्यांची उणीव कधीच नव्हती. लोखंडाचं सोनं करणारा परीस, मनातलं देणारा चिंतामणी, कधी रिकामं न होणारं द्रौपदीचं अक्षयपात्र, कल्पवृक्ष, कामधेनू. मग बाहेरून पाहुणे आले. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी १८६०च्या दशकात 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' मराठीत आणल्या आणि दिवा, अंगठी, राक्षस ही मंडळी आपल्या घरांत राहायलाच आली. पुढे 'चांदोबा'ने प्रेत खांद्यावर घेऊन चाललेला विक्रम घराघरांत पोचवला. त्यानंतरच्या पिढीला दूरचित्रवाणीने 'शाका लाका बूम बूम'मधली पेन्सिल दिली. त्या पेन्सिलीने जे काढावं ते खरं व्हायचं. आज माझ्या नातवंडांच्या वयाची मुलं डोरेमॉनच्या पोटावरच्या खिशावर पोसली आहेत. बाविसाव्या शतकातून आलेलं ते मांजर खिशातून हवी ती वस्तू काढतं. आमची मुलं हिंदी शिकतात ती बरीचशी त्याच्याकडून, हे हिंदीच्या शिक्षकांनी रागावू नये.

शब्दांचं एक गमतीचं उदाहरण देतो. रोलिंगबाईंच्या पहिल्या हॅरी पॉटरमध्ये जो दगड आहे त्याला इंग्रजीत तत्त्ववेत्त्याचा दगड म्हणतात. मराठी अनुवादात पुस्तकाचं नाव झालं 'हॅरी पॉटर आणि परीस'. एका शब्दात काम झालं. युरोपातल्या किमयागारांनी ज्याच्यासाठी भट्ट्या फुंकल्या त्या दगडाला आपल्या संतांच्या ओव्या-अभंगांत शेकडो वर्षं घर होतं. अनुवादकाला शोधायला फार लांब जावं लागलं नाही. 'जादू' या शब्दाचंही तसंच. तो फारसीतून आला, म्हणून काही जण त्याला परका मानतात. पण फारसीतला 'जादू' आणि वेदांतला 'यातु' हे एकाच मुळाचे शब्द आहेत. 'यातुधान' म्हणजे जादूटोणा करणारा. घरातून गेलेला भाऊ वेश बदलून परत आला, एवढंच.

आता या सगळ्या वस्तूंमधली एक साधी गोष्ट ध्यानात घ्या, पुढे ती लागणार आहे. या वस्तू हात बदलतात. अल्लाउद्दीनची गोष्ट आठवा. ती मुळात जुन्या अरबी हस्तलिखितांत नव्हती. हन्ना दियाब नावाच्या सीरियातल्या तरुणाने ती १७०९ साली पॅरिसमध्ये आंत्वान गालाँ या फ्रेंच अनुवादकाला सांगितली आणि त्याने ती ग्रंथात घातली. त्या गोष्टीत कपटी जादूगार दारोदार ओरडत फिरतो, जुने दिवे द्या, नवे घ्या. आपल्या गल्लीतल्या भंगारवाल्यासारखाच. राजकन्या भोळेपणाने दिवा देऊन टाकते, आणि त्या क्षणी महाल, वैभव, राक्षस सगळं दिव्याबरोबर जातं. ताकद अल्लाउद्दीनमध्ये नव्हती, दिव्यात होती. दिवा ज्याच्या हाती, राक्षस त्याचा चाकर. डोरेमॉनची वस्तू नोबिताच्या हातात गेली की घोटाळा होतो. वस्तू परत खिशात गेली की गोष्ट संपते.

रंगमंचावरचा जादूगारही हेच सांगतो. आपल्या गुजरातेत बगसऱ्याचे के. लाल आणि महाराष्ट्रात पुण्याचे जादूगार रघुवीर यांचे खेळ पाहिलेले लोक या सभागृहात असतील. टोपी, रुमाल, पेटी, करवत. पडदा पडला की सामान ट्रंकेत आणि जादूगार जेवायला. प्रेक्षकालाही माहीत असतं की ही हातचलाखी आहे, आणि ती इतकी सफाईदार आहे म्हणूनच तो टाळ्या वाजवतो.

मीम हा या परंपरेतला नवा कनिष्ठ बंधू. परीक्षेच्या दिवसांत माझे विद्यार्थी लांब दाढीच्या गॅन्डाल्फचं चित्र पाठवतात. तो पुलावर काठी रोवून राक्षसाची वाट अडवतो, आणि खाली मुलांनी लिहिलेलं असतं 'गणिताचा पेपर'. आणि मराठीतला मीमांचा राजा म्हणाल तर तात्या विंचू. महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' १९९३ साली आला. आज जी मुलं त्याचे स्टिकर पाठवतात त्यांच्या आईबापांचीही तेव्हा लग्नं झालेली नव्हती. तात्या विंचू हा गुंड बाबा चमत्कारकडून मृत्युंजय मंत्र मिळवतो आणि गोळी लागून मरताना स्वतःचा जीव एका बाहुल्यात घालतो. बाहुला रामदास पाध्यांच्या हातचा, आणि विंचूचं काम दिलीप प्रभावळकरांचं. याच प्रभावळकरांनी त्याआधी रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'त चेटकीण रंगवली होती. मराठी मुलांना प्रेमाने घाबरवण्याचं इतकं काम एका माणसाने क्वचितच केलं असेल.

एक गोष्ट मात्र मुलं विसरतात. चित्रपटभर विंचूची सगळी धडपड त्या बाहुल्यातून बाहेर पडण्यासाठी चाललेली असते. माणूस वस्तूत अडकला आहे आणि त्याला सुटायचं आहे. आपण हसतो, कारण तो गुंड आहे आणि मुळात तो बाहुला आहे.

आता माझ्या वर्गातली गोष्ट.

२०१९चा डिसेंबर होता. स्नेहसंमेलनासाठी मी वीस मिनिटांची एक नाटिका लिहिली होती. आठवीची मुलं. कथा अगदी ठरावीक. गावात एक चेटकीण असते, सगळे तिला घाबरतात, शेवटी शूर मुलं एकत्र येतात आणि टाळ्या पिटत तिला गावाबाहेर हाकलतात. चेटकिणीच्या कामासाठी मी एका मुलीची निवड केली. तिचा आवाज खणखणीत होता, मागच्या बाकापर्यंत पोचणारा, एवढंच कारण. ती नको म्हणाली. मी कारण विचारलं नाही. सगळ्या वर्गासमोर म्हणालो, "नाटकात काम करायचं तर नखरे चालत नाहीत." ती गप्प बसली. दुसऱ्या दिवशी काळं कापड अंगावर घेऊन, हातात झाडू धरून उभी राहिली. काम सुरेख केलं. मी खूश होऊन फोटो काढला आणि वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकला.

रात्रीपर्यंत एका मुलाने त्या फोटोतून तिचा चेहरा आणि झाडू कापून घेऊन स्टिकर तयार केला. खाली एक शब्द लिहिला, 'डाकीण'. मुलगा वाईट नव्हता. त्याने तात्या विंचूचे स्टिकर केले होते, माझेही केले होते. सकाळपर्यंत तो स्टिकर वर्गातून गल्लीत, गल्लीतून आजूबाजूच्या सोसायट्यांत गेला. मुलगी शाळेत आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी तिची आई आली.

बाई खुर्चीवर बसायला तयार नव्हती. दाराशीच उभी राहून बोलली. तिचं माहेर आणि सासर दोन्ही सातपुड्याच्या पायथ्याला, तापीच्या वरच्या अंगाला. सासूचं वय झालेलं, नवरा गेलेला, तोंड जरा फटकळ. एका पावसाळ्यात गल्लीतली दोन पोरं तापाने गेली, मग एकाचा बैल मेला. लोकांनी भगताला बोलावलं. भगताने दाणे टाकले आणि सासूच्या घराकडे बोट दाखवलं. त्यानंतर विहिरीवर बायका हिला पाणी भरू देईनात. एका रात्री दारावर दगड आले. पहाटे हे कुटुंब एक ट्रंक आणि दोन बोचकी घेऊन गाडीत बसलं आणि उधन्याला उतरलं. म्हातारी आजही घरातच असते, गल्लीत फारशी येत नाही. इथं कुणाला काही माहीत नव्हतं. तेच त्यांचं सुख होतं.

मग ती बाई अहिराणीत एक वाक्य बोलली, ते मी विसरलो नाही. "आमना गावमा हाऊ शब्द हसाना नई शे, सर."

आमच्या गावात हा शब्द हसण्याचा नाही.

मित्रहो, मी तीस वर्षं शब्दांचे अर्थ शिकवले होते. समानार्थी शब्द म्हणून फळ्यावर 'चेटकीण, डाकीण, हडळ' असं मीच कितीदा लिहिलं होतं. अर्थ सारखा आहे म्हणून वजनही सारखं, असं मी समजत होतो. 'चेटकीण' हा शब्द माझ्याकडे नाटकातून आला होता. 'डाकीण' हा शब्द तिच्याकडे दगडांबरोबर आला होता. सातपुड्याच्या दोन्ही अंगांना, नंदुरबारपासून दक्षिण गुजरातच्या आदिवासी पट्ट्यापर्यंत, डाकीण किंवा डाकण म्हणवली गेलेली बाई मार खाते, गाव सोडते, कधी जीव गमावते. तिथं तो शब्द कुणाच्या गोष्टीतला नाही.

मी घरी जाऊन कोश उघडले. 'डाकिनी' हा मूळ संस्कृत शब्द. ती देवीच्या परिवारातली, आणि बौद्ध तंत्रमार्गात तर साधकाला ज्ञान देणारी, पूजनीय. तिची गावोगावी उतरता उतरता डाकीण झाली. आणि तिच्याकडे बोट दाखवणारा जो भगत, तो शब्द 'भक्त' यावरून आला. म्हणजे भक्तानेच देवीच्या सखीला गावाबाहेर काढलं. भाषेच्या इतिहासात अशी उलथापालथ होत असते. आपण ती व्याख्यानात सांगून मोकळे होतो. ज्या घरावर ती उलटते, त्या घराला कोश उपयोगी पडत नाही.

इथं मला सुरतेतल्याच एका मराठी माणसाची आठवण होते. सुरत आणि मराठी माणूस म्हटलं की लोकांना १६६४ आठवतं. १८४४ फारसं कुणाला आठवत नाही. त्या वर्षी २२ जून रोजी या शहरात मानवधर्म सभा स्थापन झाली. तिचे प्रमुख होते दुर्गाराम मंछाराम मेहताजी, सुरतेचे गुजराती शिक्षक, आणि त्यांच्याबरोबर होते दादोबा पांडुरंग तर्खडकर. होय, तेच दादोबा, १८३६ साली 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' छापणारे, ज्यांना आपण मराठीचे पाणिनी म्हणतो. ते तेव्हा इथं शिक्षक होते. एक गुजराती मास्तर आणि एक मराठी मास्तर, दोघांनी मिळून काय केलं? धर्माच्या नावावर चालणाऱ्या ढोंगावर त्यांनी उघड बोलायला सुरुवात केली, आणि शहरातल्या जादूगारांना, मंत्र म्हणणाऱ्यांना जाहीर आव्हान दिलं. तुमच्या मंत्रात शक्ती असेल तर सर्वांसमोर करून दाखवा.

सभा फार टिकली नाही. १८४६ मध्ये दादोबा मुंबईला गेले, १८५२ मध्ये दुर्गाराम राजकोटला. पण ठिणगी विझली नाही. गुजराती कवी दलपतराम यांनी १८४९ साली भुताखेतांच्या समजुतींवर 'भूतनिबंध' लिहिला. त्याच वर्षाच्या सुमारास दादोबा मुंबईत परमहंस सभेच्या कामात होते. पुढे दीडशे वर्षांनी महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते गावोगावी हेच करत होते. लिंबातून रक्त काढून दाखवायचे, आणि लगेच सांगायचे की सुरीला आधी मिथिल ऑरेंज लावलं होतं, लिंबाच्या आम्लाने ते लाल झालं. 'करून दाखवा' या दोन शब्दांची ही परंपरा आहे, आणि तिचं एक मूळ आपल्या सुरतेत आहे. व्याकरण लिहिणाऱ्या माणसाला मंत्राचा राग यावा हे मला नवल वाटत नाही. व्याकरणकार प्रत्येक शब्दाला विचारतो, तू इथं काय काम करतोस?

पण त्या बाईचं बोलणं ऐकल्यावर मला दादोबांच्या आव्हानाची एक मर्यादाही दिसली. मांत्रिक म्हणतो, 'माझ्यात शक्ती आहे.' त्याला 'करून दाखव' म्हणता येतं. तो उघडा पडतो, विषय संपतो. डाकीण ठरवलेली म्हातारी म्हणते, 'माझ्यात शक्ती नाही.' ती काय करून दाखवणार? 'नाही' कसं करून दाखवायचं? ती रडली तरी ढोंग, गप्प बसली तरी मंत्र पुटपुटते, औषधाने पोर बरं झालं तर हिने मागं घेतलं, मेलं तर हिने खाल्लं. नकाराला पुरावा नसतो. म्हणून तिथं आव्हान पुरत नाही, आरोप करणाऱ्याचं तोंड धरावं लागतं. महाराष्ट्रात २०१३ साली, डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्टला हत्या झाल्यावर काही दिवसांत आधी वटहुकूम आणि डिसेंबरात कायदा झाला. एखादी व्यक्ती करणी करते, काळी जादू करते असं जाहीर करणं हा त्या कायद्याने गुन्हा ठरवला. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. आपल्या गुजरात विधानसभेनेही २०२४ साली तशा धर्तीचा कायदा संमत केला. हे कायदे दिव्याच्या गोष्टीवर किंवा टोपीतून ससा काढणाऱ्यावर काही बोलत नाहीत, हेही सांगून ठेवतो. कुणाला वाटतं आता मुलांना परीकथाही सांगायच्या नाहीत. तसं मुळीच नाही.

आता वर्गाकडे परत येतो. मुलगी नवव्या दिवशी शाळेत आली. आई सोडायला आली होती. मी म्हटलं, मला वाटलं आता पाठवत नाही. ती म्हणाली, "शाळा सोडाले आम्ही इतला दूर नई उनूत." मी वर्गात गेलो आणि ज्या जागी उभं राहून तिला नखरे म्हणालो होतो, त्याच जागी उभं राहून तिची माफी मागितली. कारण सांगितलं नाही, ते सांगणं माझं काम नव्हतं. एवढंच म्हणालो की, तिने नको म्हटलं तेव्हा मी विचारायला हवं होतं, आणि फोटो टाकताना तर विचारायलाच हवं होतं. ज्याने स्टिकर केला होता तो पोरगा मधल्या सुट्टीत तिच्या बाकाजवळ जाऊन उभा राहिला. काय बोलला ते मला कळलं नाही. स्टिकर सगळ्यांना पुसायला लावला. किती फोनांतून तो खरोखर गेला असेल, याबद्दल माझा भ्रम नाही.

मग नाटिकेचं काय करायचं, असा प्रश्न होता. संमेलन आठ दिवसांवर आलं होतं. मी म्हटलं, नाटिका रद्द. मुलं हिरमुसली. तेव्हा तीच मुलगी म्हणाली, "सर, जादू झाडूत ठेवा ना. बाईत कशाला?"

आज मी अल्लाउद्दीनपासून डोरेमॉनपर्यंत जे सांगत आलो, ते तिने त्या एका वाक्यात सांगून टाकलं होतं. मी नंतर वाचलं, विचार केला, उदाहरणं जमवली. मूळ विचार तिचा. गोष्टीतली जादू वस्तूत असते. वस्तू चोरता येते, विकता येते, मोडता येते, आणि मुख्य म्हणजे खाली ठेवता येते. जादूटोण्याच्या आरोपात जादू माणसाच्या अंगात असते असं मानतात. म्हातारीला ती खाली ठेवता येत नाही, कारण तिने ती कधी उचललेलीच नसते. गाव सोडलं तरी तो शब्द बरोबर येतो अशी भीती तिच्या मनात राहते. आणि आम्ही तर स्टिकर करून ती भीती खरी करून दाखवली. विंचूसारखं एका माणसाला बाहुल्यात कोंडलं. फरक इतकाच की विंचूने मंत्र स्वतः म्हटला होता.

नव्या नाटिकेत झाडू जादूचा झाला. ज्याच्या हातात जाईल तो खरं बोलायला लागतो. सावकाराच्या हातात गेला, मास्तरांच्या हातात गेला, भगताच्या हातात गेला. भगत झाडू धरून म्हणतो, मला काही कळत नाही, मी दाणे उगाच टाकतो. हे वाक्य मुलांनी स्वतः घातलं, मी नाही. प्रेक्षक हसून हसून थकले. शेवटी झाडू खाली ठेवतात आणि एक लहान मुलगी त्याने रंगमंच झाडते. नाटिका संपते. त्या मुलीने भगताचं काम केलं, खणखणीत आवाजात. तिची आई मागच्या रांगेत उभी होती.

आता शेवटचं, आणि मुख्यतः शिक्षक आणि लेखक मंडळींसाठी. मुलांच्या फोनवर रोज शंभर जादूगार येतील. ते रोखणं आपल्या हाती नाही, आणि रोखूही नये. हसू द्या. पण एक सवय लावता येईल. एखादं जादूचं चित्र, नाटक, विनोद समोर आला की मुलांना विचारायचं, यातली जादू कुठं आहे, वस्तूत की माणसात? ती खाली ठेवता येते का? वस्तूत असेल तर बिनधास्त हसा. एखाद्या खऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर ती चिकटवली असेल, तर त्या माणसाला विचारल्याशिवाय पुढं पाठवू नका. आठवीच्या मुलाला हे दोन मिनिटांत कळतं. मला कळायला तीस वर्षं लागली.

लेखक मित्रांना विनंती आहे की चेटकीण लिहा, जरूर लिहा. मतकरींची चेटकीण मराठीतून जाऊ नये. फक्त तिला गावाबाहेर हाकलून गोष्ट संपवण्याआधी एकदा थांबा, आणि तुमच्या वाचकांमध्ये गावाबाहेर हाकललेलं कुणी बसलंय का, याचा विचार करा. आणि समानार्थी शब्दांची यादी फळ्यावर लिहिणाऱ्या माझ्या शिक्षक बंधुभगिनींना इतकंच सांगतो की वर्गात कोण कुठल्या गावाहून आलं आहे, हे माहीत करून घ्या. शब्दाचा अर्थ कोशात मिळतो. त्याचं वजन मुलाच्या घरी विचारावं लागतं.